देवाचं पाचारण आहे की माझाच उत्साह? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संस्था काढावी का, सल्ला हवाय

नगरकर_पुण्यात

सलाम मंडळी. इथे आजवर नुसतं वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबेल, सांभाळून घ्या.

मी मूळ नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय), सध्या पुण्यात आयटीत, बायको शाळेत शिक्षिका, एक मुलगी आहे सातवीत. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते त्यामुळे सेवा वगैरे शब्द घरात लहानपणापासून. मागच्या हंगामात ख्रिसमसच्या सुमारास आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांबरोबर एका साखर कारखान्याजवळ ब्लँकेटं वाटायला गेलो होतो. तिथे एका कोपीपुढे (तोडकऱ्यांच्या खोपटापुढे) सात-आठ वर्षांची पोर, कडेवर शेंबडा भाऊ, एका हाताने चुलीत पाचट सारतेय, आईबाप पहाटे तीनलाच फडात गेलेले. शाळा कुठली विचारलं तर म्हणाली "गावाकडं हाय". बस्स, रडू आलं, तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मग प्रार्थनेत, वाचनात सारखा यशया ५८ समोर यायला लागला, भुकेल्याला भाकर दे, निराश्रिताला घरात घे. त्यातच आमच्याकडे उपास-प्रार्थनेला बाहेरून एक प्रचारक आले होते, त्यांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तुझ्या हातून अनेक लेकरांना छप्पर मिळणार आहे. मामांची दोन एकर जमीन आष्टीच्या बाजूला पडून आहे, ते द्यायला तयार. मेव्हणा टेक्सासला असतो, तो म्हणतो पहिलं वर्ष मी बघतो. पाळकसाहेब म्हणतात सगळी दारं उघडतायत, अजून कसली वाट बघतोस. नोकरी सोडून निवासी बालगृह काढायचं असं मनात आहे, नाव पण ठरलंय.

बायको नाही म्हणत नाही. पण हो पण म्हणत नाही, विषय काढला की "बघू" म्हणते.

तर प्रश्न असा की हे देवाकडून आहे हे ओळखायचं कसं? कुणी यातून गेलं असेल तर खरं खरं सांगा.

शालोम_सातारा

प्रेज द लॉर्ड ब्रदर! वचन, संदेश, जमीन, पैसा, सगळं जुळून आलंय, अजून काय पाहिजे? अब्राहाम कुठे जायचं हे माहीत नसताना निघाला. गिदोनासारखं लोकर टाकत, देवाकडे खुणा मागत बसू नका. देव पाठवतो तेव्हा देव पुरवतो. आमेन.

पाळकाचा_पोरगा

शालोम भाऊ, राग मानू नका पण "देव पुरवतो" हे वाक्य ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेला म्हटलं जातं त्या घरात मी वाढलोय. वडिलांनी नोकरी सोडून सेवा सुरू केली, मनापासून केली, त्यात शंका नाही. पण आईला कुणी विचारलं नव्हतं. तिने पंचवीस वर्षं चाळीस माणसांचा स्वयंपाक केला आणि साक्ष द्यायला दर वेळी वडील उभे राहायचे. परदेशातून मदत करणारी एक संस्था होती, त्यांना दर सहा महिन्यांनी फोटो लागायचे, मुलं गरीब दिसली पाहिजेत म्हणून फोटोच्या दिवशी आम्हाला, म्हणजे मला आणि ताईला सुद्धा, जुने कपडे घालायला लावायचे. मी अजूनही देवळात (चर्चला) जातो, विश्वास गेला नाही माझा, पण कुणी "पाचारण" म्हटलं की मी आधी बायकोच्या तोंडाकडे बघतो.

नगरकर, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ "बघू म्हणते" ही आहे आणि तुम्ही ती शेवटी टाकलीय.

वडाळ्याची_मावशी

अरे बाळा, मी रिटायर नर्स, मिशन हॉस्पिटलांमध्येच आयुष्य गेलं, आता पाय दुखतात म्हणून घरी बसून हे सगळं वाचत असते. तू आष्टीचं नाव घेतलंस म्हणून लिहिते. आष्टीच्या शेजारी जामखेड आहे, माहीत असेलच. आरोळे डॉक्टर आणि मेबल बाई १९७० मध्ये तिथे आले तेव्हाची गोष्ट आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. त्या दोघांनी लग्नातच ठरवलं होतं की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं. म्हणजे पाचारण होतं की नाही? होतं. पण पाचारण झालं म्हणून लगेच संस्था काढली का, नाही. आधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलं. तिथे लक्षात आलं की बरा करून पाठवलेला पेशंट तोच आजार घेऊन परत येतोय, म्हणजे नुसतं हॉस्पिटल चालवून भागणार नाही. मग अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले आणि मग आले. एवढी वर्षं गेली मध्ये, तेव्हा कुणी म्हटलं नाही की विश्वास कमी पडला.

आणि जामखेडला आल्यावर काय झालं, तर लोकांना दवाखाना पहिल्या नंबरवर नकोच होता, दुष्काळाचे दिवस, लोक म्हणाले आम्हाला अन्न आणि पाणी द्या. डॉक्टर मंडळी पाण्याच्या मागे लागली, हातपंप घेताना दलित वस्तीत घेतले म्हणजे पाण्यासाठी गावाला तिकडे जावं लागेल. पोरांना व्हॉलीबॉल खेळायला लावून सगळ्या जातीची माणसं एका मैदानावर आणली. दवाखाना सुरू झाला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत! १९७९ ला मॅगसेसे मिळालं तेव्हा सगळ्यांना दिसलं, पण सुरुवात कशी झाली ते बघ.

तू म्हणतोस नाव पण ठरलंय. त्या पोरीच्या आईला भेटलास का रे?

नगरकर_पुण्यात

मावशी, नाही भेटलो. ते लोक संध्याकाळी उशिरा येतात आणि आम्हाला परत निघायचं होतं.

@पाळकाचा_पोरगा, वाचून झोप उडाली. बायकोला हा धागा दाखवलाय.

कुपारी_वसई

मी कॅथलिक, वसईचा, त्यामुळे थोडं आमच्या पद्धतीने लिहितो, चालवून घ्या.

आमच्याकडे या प्रश्नावर सगळ्यात जास्त डोकं लावलं असेल तर संत इग्नेशियसने. तो सैनिक होता, १५२१ ला पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय फुटला, महिनोन्महिने अंथरुणात. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं बघायचा, एक म्हणजे पराक्रम करून एका मोठ्या घरच्या बाईवर छाप पाडायची आणि दुसरं म्हणजे संतांसारखं जगायचं. दोन्ही स्वप्नं बघताना सारखीच मजा यायची. फरक नंतर पडायचा, पहिलं संपलं की मन कोरडं, दुसरं संपल्यावरही आनंद टिकून. त्यावरून त्याने पुढे आख्खी पद्धत बसवली. म्हणजे उत्साह किती आहे ते मोजायचं नाही, उत्साह ओसरल्यावर मागे काय राहतं ते बघायचं. तुमच्या बाबतीत, एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारी, ऑफिसात रिलीजची मारामारी चालू असताना, ही गोष्ट आठवली की मन शांत होतं का चिडचिड होते? नोकरीला कंटाळलात म्हणून बालगृह गोड वाटत नाहीये ना, हे पण बघा. त्याचा दुसरा नियम म्हणजे मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही, आणि अति आनंदाच्या भरात नवस-वचनं देऊन बसायची नाहीत.

पण मला त्याची आवडणारी गोष्ट वेगळीच आहे, ती कुणी सांगत नाही. इग्नेशियसला पक्कं, अगदी पक्कं वाटत होतं की देवाने त्याला जेरुसलेमला राहून सेवा करायला सांगितलंय. १५२३ ला पोचला पण. तिथल्या फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी सांगितलं की इथे राहायचं नाही, परत जा. आणि तो गेला. मग चक्क पोरांबरोबर बसून लॅटिन शिकला, पॅरिसला कॉलेज केलं. १५३४ ला मित्रांबरोबर पुन्हा जेरुसलेमचीच शपथ घेतली, पण या वेळी शपथेत एक पोटकलम टाकलं की वर्षभरात जायला जहाज मिळालं नाही तर पोप सांगतील ते काम करू. युद्धामुळे जहाज काही मिळालं नाही, गेले रोमला, आणि त्यातून येशूसंघ उभा राहिला.

तुमच्या संकल्पात असं पोटकलम आहे का? म्हणजे काय झालं तर तुम्ही मान्य कराल की हे नाही, दुसरं काहीतरी?

शालोम_सातारा

ब्रदर, पोप वगैरे आम्ही मानत नाही पण मुद्दा चांगला आहे.

कुपारी_वसई

😄 पोपच्या जागी तुमची पंचकमिटी घाला, चालेल.

ट्रस्टवाली_सीए

मी चर्चच्या आणि इतर बऱ्याच ट्रस्टांची ऑडिट करते. आध्यात्मिक बाजू बाकीचे सांगतायत, मी कागदाची सांगते, पण माझ्या मते ती पण आध्यात्मिकच आहे, बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशोब करायला प्रभूनेच सांगितलंय, लूक १४.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. "निवासी बालगृह" हा शब्द सहज वापरू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणारी कुठलीही संस्था बाल न्याय अधिनियम २०१५ खाली रजिस्टर करावीच लागते. न करता चालवली तर चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा कमीत कमी एक लाख दंड किंवा दोन्ही. मुलं तुम्ही आणायची नसतात, बाल कल्याण समितीच्या आदेशाने येतात. आणि वसतिगृह म्हटलं म्हणजे सुटलो असंही नाही, कुणाची पोरं, कुणाच्या संमतीने, किती दिवस, बायकांचा स्टाफ किती, पोलीस व्हेरिफिकेशन, हे सगळं येतंच.

दुसरं, मामांची जमीन. शेतजमीन आहे का? ट्रस्टच्या नावावर करायला कलेक्टरची परवानगी लागेल. सातबाऱ्यावर मामांशिवाय मावशांची नावं आहेत का ते बघा, नव्वद टक्के घरांत असतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आणि एकदा ट्रस्टची झाली की धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. दहा वर्षांनी मामांच्या मुलाला वाटलं परत पाहिजे तर मिळणार नाही, हे आत्ता घरात सगळ्यांसमोर बोला.

तिसरं, टेक्सास. मेव्हण्याचा पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर त्याच्या बचतीतले पैसे बँकेतून नीट आले की ते परदेशी देणगीत मोडत नाहीत. अमेरिकन पासपोर्ट घेतला असेल, भले ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) असो, तर एक रुपया पण एफसीआरएशिवाय, म्हणजे परदेशी देणगी घ्यायच्या सरकारी नोंदणीशिवाय, घेता येणार नाही. आणि एफसीआरए नव्या संस्थेला मिळत नाही, तीन वर्षं काम आणि त्या तीन वर्षांत कमीत कमी १५ लाख कामावर खर्च दाखवावा लागतो. पूर्वपरवानगीचा रस्ता आहे पण त्याच्या भरवशावर नोकरी सोडू नका. मिळालं तरी २०२० पासून पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येणार, ऑफिस खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि दुसऱ्याच्या एफसीआरएमधून पैसे घेऊन काम चालवू ही पळवाट पण बंद, कारण एका संस्थेने दुसरीला ते पैसे द्यायला बंदी आहे.

चौथं. हे समाजकार्य आहे की धर्मकार्य हे एकदा स्वतःशी ठरवा. ८०जी (देणगीदाराला करसवलत) पाहिजे असेल तर धार्मिक खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही आणि संस्था एकाच धर्माच्या लोकांसाठी असूनही चालत नाही. ट्रस्ट डीडमध्ये सुवार्ता पण घालायची आणि ८०जी पण मागायचं असं करणारे माझ्याकडे रडत येतात.

नगरकर_पुण्यात

ताई, मेव्हणा मागच्याच वर्षी सिटीझन झाला. पार्टीचे फोटो पण टाकले होते त्याने.

ट्रस्टवाली_सीए

मग अभिनंदन त्याचं, आणि पहिल्या वर्षाचं बजेट शून्यावर आलं असं धरून चला.

शालोम_सातारा

ताई, तुमचा अनुभव मोठा आहे मान्य. पण इतका हिशोब केला असता तर जॉर्ज म्यूलर अनाथालय काढू शकला असता का? त्याने कधी कुणाकडे एक पैसा मागितला नाही, नुसत्या प्रार्थनेवर हजारो मुलं सांभाळली. आपल्या पंडिता रमाबाई पण त्याचंच चरित्र वाचून विश्वासात वाढल्या.

मुक्ती_केडगाव

शालोम दादा, म्यूलर आणि रमाबाई दोघांचं नाव घेतलंत म्हणून आता गप्प बसवत नाही.

म्यूलर मागायचा नाही हे खरं. पण दर वर्षी आलेल्या पैशाचा सगळा हिशोब छापून लोकांपुढे ठेवायचा, हे आपल्याकडे साक्ष देताना गाळलं जातं. आणि त्याच्या सुरुवातीची गोष्ट ऐका. ब्रिस्टलला घर, सामान, माणसं, पैसे सगळ्यासाठी प्रार्थना करून झाली, फेब्रुवारी १८३६ मध्ये मुलांचे अर्ज घ्यायचा दिवस जाहीर केला, हा जाऊन बसला, एकही अर्ज आला नाही! तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मुलं येतील हे आपण धरूनच चाललो होतो, त्यासाठी प्रार्थनाच केली नाही. त्या संध्याकाळी तो देवापुढे पडून असंही म्हणाला की हे काम बारगळण्यात तुझा जास्त गौरव असेल तर बारगळू दे. दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला. मला त्याच्या सगळ्या चमत्कारांपेक्षा ती संध्याकाळ मोठी वाटते, कारण घर भाड्याने घेतलेलं, पैसे आलेले, गावभर जाहीर झालेलं, आणि तरी माणूस म्हणतोय की मोडलं तरी चालेल.

आता रमाबाई. दुष्काळ त्यांनी लांबून बघितलेला नव्हता, १८७० च्या दशकात आईवडील आणि मोठी बहीण उपासमारीने गेली त्यांच्या डोळ्यांसमोर. शारदा सदन १८८९ ला मुंबईत काढलं ते विधवांच्या शिक्षणासाठी, पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. १८९३ ला धर्मांतराच्या वादात सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकर बाहेर पडले, पालकांनी पोरी काढून नेल्या. त्यात अमेरिकेतल्या मंडळींनी मदतीचा शब्द दहा वर्षांपुरता दिलेला, तो १८९८ ला संपणार होता. म्हणून केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली, उत्पन्न असावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून. बघा, विश्वासाची बाई आणि पुढचा हिशोब पण चालू. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला, मध्य प्रांतात जाऊन मुली आणल्या, पुण्यात प्लेगचे नियम कडक, एवढ्या मुली ठेवता येईनात, तेव्हा त्या शेतावर झोपड्या-तंबूत सोय केली. मुक्ती मिशन असं सुरू झालं. बाग लावताना त्यांच्या मनात मुक्ती नव्हतंच.

बाहेरचा प्रचारक डोक्यावर हात ठेवून सांगून गेला आणि काम झालं असं यात कुठेच नाही. भविष्यवाणी आली तर तुच्छ मानू नका पण सगळ्याची पारख करा, १ थेस्सलनीकाकर ५ मध्ये दोन्ही शेजारी शेजारी लिहिलंय. आपण अर्धंच पाठ करतो.

सनातन_शंकेखोर

मी ख्रिस्ती नाही, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. त्या प्रचारकांना पाळकसाहेबांनी आधीच सांगितलं नसेल ना, की आमच्याकडे एक मुलगा आहे, त्याच्या मनात असं असं आहे?

नगरकर_पुण्यात

शक्य आहे. मी विचारलं नव्हतं. रविवारी विचारतो.

कोयत्याची_लेक

मला मैत्रिणीने लिंक पाठवली. मी पण ख्रिस्ती नाही. आईबाप दोघं ऊसतोड, पाटोद्याकडचे, मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एवढा मोठा धागा झाला, जमीन पासपोर्ट पोप सगळं आलं, आमचं कुणी आलं नाही म्हणून लिहिते.

दिवाळीनंतर ट्रक भरतात ते उन्हाळ्यात परत येतात, पाच-सहा महिने. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, ती नवराबायको मिळून फेडायची, त्याला एक कोयता म्हणतात. एक दिवस आजारी पडलात तर खाडा, त्याचे पैसे उलट कापतात. पोरं बरोबर का नेतात? अडाणी आहेत म्हणून नाही. लहानगं सांभाळायला मोठी पोर लागते हे एक. आणि मागे ठेवायचं तर ठेवायचं कुणाजवळ, म्हातारी असेल तर ठीक. वयात आलेल्या पोरीला मागे सोडायची आईला भीती वाटते, म्हणून मग लवकर लग्न लावून देतात, झालं एक नवीन कोयता तयार.

शासनाचं हंगामी वसतिगृह गावातच असतं, कागदावर. कुठे चांगलं चालतं, कुठे फक्त हजेरी चालते. जिथे चांगलं चालतं तिथे पोरगं रात्री आजीजवळच झोपतं, फक्त दोन वेळचं जेवण आणि शाळा मिळते, आणि आयांना तेच पाहिजे असतं. पुण्याच्या माणसाच्या बंगल्यात परक्या ठिकाणी पोर ठेवायला माझी आई कधीच तयार झाली नसती, तुम्ही कितीही चांगले असलात तरी.

आणि सरळ विचारते, प्रार्थनेला बसवणार का पोरांना?

दादा, तुम्हाला रडू आलं त्याची मला किंमत आहे. पण आमच्याकडे कमी काय आहे सांगू का, कागद करणारा माणूस. बाप फडात मेला किंवा सोडून गेला अशा लेकरांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला २२५० रुपये मिळतात, लेकरू घरीच राहतं. त्याला मृत्यूचा दाखला, आधार, बँक खातं, रहिवासी, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं पत्र, आणि तालुक्याला हेलपाटे. एका हेलपाट्याला एक मजुरी बुडते. माझ्या एकट्या शाळेत अशी लेकरं आहेत ज्यांचे अर्ज भरायलाच कुणी नाही.

नगरकर_पुण्यात

ताई, प्रार्थनेचं तुम्ही विचारलंत ते माझ्या मनात स्पष्ट नव्हतं हे खरं. आता उत्तर देतो, नाही बसवणार. मी माझी प्रार्थना करीन, कुणी विचारलं तर का करतो ते सांगीन, पण जेवणाच्या, अर्जाच्या किंवा छपराच्या बदल्यात नाही.

बाकीच्यावर आत्ता काही बोलत नाही. वाचतोय परत परत.

वडाळ्याची_मावशी

ही पोर बोलली ते सोनं आहे. बायबलातला नहेम्या आठव रे. यरुशलेमचे कोट पडलेत ऐकून रडला, उपास केला, पण किसलेव महिन्यात ऐकलं आणि राजाशी बोलला नीसानमध्ये, चार महिने गेले मध्ये. आणि तिथे पोचल्यावर रात्री गुपचूप, मोजकी माणसं घेऊन, फिरून एक एक वेस बघून आला, कुठे काय पडलंय, आणि मग तोंड उघडलं. तू रडलास तिथपर्यंत नहेम्या झाला, रात्रीची फेरी राहिलीय.

सौ_नगरकर

मी यांची बायको. नवीन अकाउंट काढलंय, चुकलं तर सांगा.

मी "बघू" का म्हणत होते ते इथे सांगते कारण घरात बोलायला लागलं की मी देवाच्या कामात आडवी येतेय असं होतं. मला कामाची भीती नाही. शिक्षिका आहे, पोरं सांभाळायची सवय आहे. मला भीती याची होती की चाळीस पोरांची आई मी होणार आणि संस्थेचे अध्यक्ष हे. पाळकाचा_पोरगा यांनी लिहिलं ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. यांनी यशया ५८ मला दहा वेळा वाचून दाखवला, पण माझ्या वाचनात काय येतंय हे एकदा पण विचारलं नाही. अंत्युखियात बर्णबा आणि शौलाला पाठवलं तेव्हा सगळ्यांनी मिळून उपास-प्रार्थना केली होती ना, एकाला स्वप्न पडलं आणि बाकीच्यांनी सामान बांधलं असं नव्हतं.

माझं उत्तर हो आहे, पण बालगृहाला नाही. कोयत्याची लेक ताईंनी जे कागदांचं लिहिलं ते मला जमेल, मी शाळेत हेच करते, स्कॉलरशिपचे फॉर्म निम्म्या शाळेचे मीच भरते. आधी तुमच्या शाळेत येऊ द्याल का?

कोयत्याची_लेक

या ना वहिनी. शनिवारी सकाळची शाळा असते, नंतर मोकळी असते मी. ट्रस्ट बिस्ट काही लागत नाही त्याला, एक लॅपटॉप, प्रिंटर आणि बसायला चिकाटी. कारखान्याकडे जायच्या आत, दिवाळीच्या आधी या, म्हणजे आया भेटतील.

शालोम_सातारा

मला अजून वाटतं की तुम्ही सगळ्यांनी मिळून एका विश्वासाच्या माणसाचं पाऊल मागे खेचलंत. त्रोवसला पौलाने मासेदोनियाचा माणूस स्वप्नात बघितला आणि लगेच निघाला, फॉर्म भरत बसला नाही.

कुपारी_वसई

शालोम भाऊ, त्याच अध्यायात त्याच्या आधी दोनदा पवित्र आत्म्याने त्यांना अडवलंय, आशियात नको, बिथुनियात नको. आणि स्वप्न पौलाला पडलं पण अर्थ काय काढायचा हे "आम्ही" ठरवलं असं लिहिलंय, प्रेषितांची कृत्ये १६:१० बघा. आणि मासेदोनियाचा माणूस स्वतः म्हणाला होता, इकडे या. इथे पण तेच झालंय की, फक्त ती बाई आहे आणि पाटोद्याची आहे.

शालोम_सातारा

हा पॉइंट बरोबर आहे. विचार करतो.

नगरकर_पुण्यात

अपडेट. रविवारी पाळकसाहेबांना विचारलं, त्यांनी प्रचारकांना आधी माझ्याबद्दल सांगितलं होतं. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, मला वाटतं, पण भांडलो नाही. कमिटीतल्या तिघांना (त्यातले एक काका दर वेळी माझ्या विरोधातच असतात, मुद्दाम घेतलं) सांगितलंय की पुढच्या ईस्टरपर्यंत आम्ही दोघं शनिवारी तिकडे जाणार, नोकरी चालू, संस्था नाही, देणगी नाही. ईस्टरनंतर तिघांनी आम्हाला वेगवेगळं बसवून विचारायचं आणि ताईंना पण विचारायचं, आणि ते नको म्हणाले तर नको. हे माझं पोटकलम, कुपारी भाऊ. जमिनीचं मामांना कळवलं, ते जरा नाराज आहेत. मावशांची नावं सातबाऱ्यावर आहेत, दोघींची.

ट्रस्टवाली_सीए

बघा! 🙂

आणि शनिवारी जाताना जो पेट्रोलखर्च, प्रिंटखर्च होईल तो वहीत लिहून ठेवा, स्वतःचेच पैसे असले तरी. पुढे कधी संस्था निघालीच तर ती सवय उपयोगी पडेल. लोकांकडून गुगल पेवर "छोटीशी मदत" तेवढी घेऊ नका, पर्सनल खात्यात देणग्या आल्या की तिथूनच भानगडी सुरू होतात.

कोयत्याची_लेक

वहिनी, येताना झेरॉक्सचा कागद एक रिम आणा, इथे लाइट गेली की दुकान बंद असतं. पहिल्या शनिवारी सहा आया बोलावल्यात, चार येतील. एकीच्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला कर्नाटकातला आहे, कन्नडमध्ये, त्याचं काय करायचं कुणाला माहीत असेल तर इथेच सांगा.

ग्रेस_सोलापूर

सोलापूरकडे कन्नड वाचणारे खूप आहेत, मला पाठवा, भाषांतर करून देते. पण तहसीलला ते चालेल का नोटरी लागेल ते सीए ताई सांगतील. जाता जाता, आमच्या मंडळीत पण एक जण व्यसनमुक्ती केंद्र काढायचं म्हणतोय, त्याला पण असाच संदेश आलाय, त्याच्याबद्दल इथेच विचारलं तर चालेल का?

ट्रस्टवाली_सीए

नोटरी लागेलच असं धरा, तालुक्याला आधी फोन करून विचारा. व्यसनमुक्तीला नवीन धागा काढा, त्याचे नियम पूर्ण वेगळे आहेत. आणि त्याच्या बायकोला पण अकाउंट काढायला सांगा.